सही माझीच आहे

२ जुलै २०२५, बुधवार

मेसेज आला. पॉलिसीचा दुसरा हप्ता ऑगस्टमध्ये भरा, नाहीतर पॉलिसी बंद पडेल. कसला दुसरा हप्ता? मी तर एफडी केली होती! रिटायरमेंटचे पैसे एकदाच टाकायचे आणि व्याजातून ह्यांच्या गोळ्या, फिजिओथेरपीवाल्याचे पैसे भागवायचे. नीलेशनेच करून दिली, जळगावला त्याच्या बँकेत. घरचा पुतण्या बँकेत असताना मी दुसरीकडे कशाला जाऊ?

चुकून आला असेल. विचारते त्याला.

४ जुलै

चुकून नाही. कपाटातली जाड फाईल काढली आणि पहिल्यांदाच नीट वाचली. विमा पॉलिसीच आहे. पाच वर्षं दरवर्षी तेवढीच रक्कम भरायची. दुसरा हप्ता चुकला तर पहिल्यातलं हाती काही लागत नाही. शेवटच्या पानावर सही. माझी.

सगळी नोकरी आरोग्यसेविका म्हणून काढली. पिंपळनेरकडच्या पाड्यांवर बायकांना सांगत फिरले — बाई, कळल्याशिवाय कुठेही अंगठा देऊ नका. आज हसू आलं. मग राग आला. मग ह्यांची लघवीची बाटली भरली होती, ती ओतायला उठले.

५ जुलै

नीलेशने फोन उचलला. आधी काकू कशा आहात, काका कसे आहेत, आणि मग लांबण. म्हणाला, "काकू, मी सगळं सांगितलं होतं, तुमच्याच लक्षात नाही. कंपनीचा खात्री करायला फोनही आला होता तुम्हाला. तुम्ही हो म्हणालात. रेकॉर्डिंग असतं त्याचं."

मला असा फोन आठवत नाही. पण मागच्या ऑगस्टमधलं मला आठवतं तरी काय? ह्यांना झटका आला होता, उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर. नीलेश तिथेच कागद घेऊन आला होता. त्या दिवसांत कुणी काही विचारलं की मी हो म्हणत होते. तसंच म्हटलं असेन.

६ जुलै

ह्यांनी आज "चहा" म्हटलं. स्पष्ट. बाकी काही लिहायचं नाही.

९ जुलै

तक्रार करता येते म्हणे. शेजारच्या कुंदाबाई म्हणाल्या, फसवून विकलेल्या पॉलिसीचे पैसे परत मिळतात. पण तक्रार केली की नीलेशचं नाव येणार. आणि नीलेश म्हणजे अक्काचा एकुलता एक.

अक्का — सुगंधाबाई, माझी मोठी जाऊ. मागच्या वर्षी ह्यांचं कळल्याबरोबर पिशवी घेऊन जळगावहून निघाली ती थेट धुळ्यात माझ्या दारात. "तू दवाखानाम्हा ऱ्हाय. घरनं बठ्ठं मी देखस." आणि खरंच सगळं पाहिलं. दूधवाला, गॅस, पाहुणेरावळे, लोकांचे फोन. माझा मोबाईलसुद्धा तिच्याचकडे ठेवून जायचे मी, कारण तब्येत कशी आहे हे परत परत सांगायचं त्राण नव्हतं. रोज डबा यायचा, कळण्याची भाकरी आणि ठेचा. मी खात नाही म्हटलं की समोर बसून खायला लावायची. सख्ख्या बहिणीने केलं नसतं एवढं.

अशा बाईच्या पोराची तक्रार करायची?

१२ जुलै

एका माणसाचा फोन. नवीन नावाचा कुणी. दाव्यांची कंपनी आहे त्यांची, फसलेल्या पॉलिसीचे पैसे परत मिळवून देतात. माझा नंबर कुठून मिळाला ते त्याने सांगितलं नाही. थोडी फी आगाऊ, आणि पैसे मिळाले की त्यातला चौथा हिस्सा. "मॅडम, तुम्हाला काहीच करायचं नाही. फक्त सही करायची."

पुन्हा सही!

पण खरं लिहिते. बरं वाटलं. वर्षभरात 'तुम्हाला काहीच करायचं नाही' असं म्हणणारा हा पहिलाच माणूस.

१५ जुलै

कुंदाबाईंना ह्यांच्याजवळ बसवून पारोळा रोडवर जाऊन आले. मोबाईलच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. एसी, काचेचं दार, पाण्याची सीलबंद बाटली. नवीन चांगला बोलतो, तिशीचा असेल. तक्रार टाईप करूनच ठेवली होती. वाचून सही करा म्हणाला.

मी वाचली. या वेळी वाचलीच. पहिलीच ओळ — सदर अर्जावरील सही माझी नसून ती खोटी आहे.

मी म्हटलं, अहो, सही माझीच आहे.

तो म्हणाला, "मॅडम, सही माझी म्हटलं की केस संपली. खोटी म्हटलं की कंपनी घाबरते. सगळे असंच लिहितात."

मग त्या मुलाचं काय, विचारलं. तो बँकेचा प्रश्न, म्हणाला. म्हणजे पोलीस. नीलेश खोटं बोलला, पण खोटी सही त्याने केली नाही. मूळ फाईल इथेच सोडून जा म्हणत होता. फाईल उराशी धरून परत आले. रिक्षात गुडघे इतके दुखत होते की वाटलं, परत वर जाऊन करून टाकावी सही.

१७ जुलै

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांना समजतं सगळं, शब्द तेवढे फुटत नाहीत. डावा हात हलवून "नही" म्हणाले. काय नही? कंपनी नही, की तक्रारच नही? दोनतीनदा विचारलं. डोळ्यात पाणी आलं ह्यांच्या, मग मीच विषय सोडला. फिजिओचा रबरी चेंडू हातात दिला आणि दाबा म्हटलं.

१९ जुलै

फाईलच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात सगळं छापलंय. आधी कंपनीकडे तक्रार, नाही ऐकलं तर पुण्याला विमा लोकपाल. फी नाही. वकील नको, एजंट नको, आपलं आपण लिहायचं.

मग नवीनला चौथा हिस्सा कशाचा द्यायचा? माझ्या थकव्याचा. दुसरं काय विकत घेतोय तो?

२१ जुलै

नवीनचा फोन सकाळपासून. आज फी भरली तर सवलत आहे. लोकपालाकडे एकट्याचं कुणी ऐकत नाही. मॅडम, तुमचं वय बघता धावपळ झेपणार आहे का?

नाही झेपणार. नंबर ब्लॉक केला.

२४ जुलै

लिहिली. स्वतःच्या हाताने, आखीव कागदावर, आरोग्य केंद्रात अहवाल लिहायचे तशी. "अर्जावरील सही माझीच आहे. परंतु मला ही मुदत ठेव असल्याचे सांगण्यात आले." आधी 'बँकेतील एक कर्मचारी' असं लिहिलं होतं. मग पान फाडलं आणि नीलेशचं पूर्ण नाव घातलं. त्या फोनचं रेकॉर्डिंग असल्यास मला ऐकवावे, हेही लिहिलं. हो म्हटलं असेन तर म्हटलं असेन, माझ्या कानांनी ऐकू दे.

पोस्टात जाण्याआधी अक्काला फोन केला. तिला परक्याकडून कळायला नको. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आपला घरना पोऱ्या शे, ज्योत्स्ना." मी म्हटलं, मला माहीत आहे अक्का. नोकरी जाईल का त्याची, विचारलं. मला माहीत नाही म्हटलं. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. कानबाईच्या सणाला मी येस, म्हणाली आणि फोन ठेवला.

रजिस्टर पोस्टाने पाठवली. घरी येऊन रडले.

२९ जुलै

वरण उतू गेलं. गॅस पुसला. झोपले.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई देवी बसली. ह्यांना हलवता येत नाही म्हणून यंदा आमच्याकडेच. अक्का कालच आली. नीलेश आला नाही, सुट्टी नाही म्हणे. रविवारी!

नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजायला दोघी बसलो. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. ह्यांच्या नावाने अक्काने टाकले. मग तिचा हात थांबला. माझ्याकडे बघेना. मीच मूठ भरली आणि नीलेशच्या नावाने सुपात टाकली. तक्रार तक्रारीच्या जागी. तिचे डोळे भरून आले, पदराने पुसत राहिली.

दुपारभर ह्यांच्या उशाशी होती. रोट कुस्करून भरवला, तोंड पुसलं. "हेमराज, माले वहिनी म्हन. एकदाव म्हन." लहान पोराला शिकवावं तशी मागे लागली होती. ह्यांनी ओठ हलवले, पण शब्द नाही आला. तिने स्वतः मात्र दोन घाससुद्धा खाल्ले नाहीत. पोरगा आला नाही म्हणून असेल.

मला फार वाईट वाटलं. पुण्याला जायची वेळ आलीच तर नाही जाणार मी. गेले पैसे तर गेले. एवढं एकच माणूस आहे मला.

४ ऑगस्ट

विसर्जन झालं. अक्का दुपारच्या बसने गेली. जाताना माझा हात धरून उभी राहिली बराच वेळ.

७ ऑगस्ट

मोबाईलवर कंपनीचं उत्तर. तक्रार फेटाळली. ग्राहकाने दूरध्वनीवर सर्व अटी स्वतः मान्य केल्या आहेत, सोबत रेकॉर्डिंग. म्हणजे नीलेश खरं बोलत होता, मीच हो म्हटलं. आज ऐकायची ताकद नाही. ऐकलं काय, न ऐकलं काय, आता संपलंच आहे हे. अक्काला फोन करून सांगेन, तिच्या जिवाला बरं वाटेल.

८ ऑगस्ट

ह्यांना चहा पाजून ऐकलं. कंपनीची मुलगी विचारते, आपण ज्योत्स्नाताई बोलताय का? बाई म्हणते, हाव. जन्मतारीख सांगते, माझी. पाच वर्षं हप्ता भरायचा आहे, समजलं का ताई? "हाव बहीन, बठ्ठं समजनं."

मी असं बोलले? दमले होते, बोलले असेन. नक्की करायला आवाज मोठा करून पुन्हा लावलं.

ह्यांच्या हातातला चेंडू खाली पडला. मोबाईलकडे बघत म्हणाले, अगदी स्पष्ट —

"वहिनी शे."