उतरत्या पाठीची गाडी

सन १९८२ साली, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका गाडीच्या पाठीला हळद-कुंकू लावले, मूठभर तांदूळ ठेवले, तिची माफी मागितली आणि मग तिला हॅकसॉ लावली. त्या सकाळी मी जितका शुद्धीवर होतो तितकाच आजही आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीस पाडलेले नाही. मी, जीवराम वना सुतार, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा सुतारकाम व गाड्यांच्या बॉड्या बांधणे, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत, राहणार शिरपूर, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

धुळ्याच्या डॉक्टरांनी माझ्या छातीचा कागद दोनदा पाहिला आणि सांगितले, शिडी चढू नका. माझ्या माळ्यावर एक वस्तू होती. तिच्याकडे जायची वाट आता बंद होणार, हे कळल्यावर मला सगळ्याचीच निरवानिरव सुचली.

कलम पहिले. राहते घर, ओटा आणि मागचा पत्र्याचा कारखाना माझी पत्नी कमलबाई हिच्या हयातीपर्यंत तिचा. तिच्यामागे मुलगा चुडामण याचा. त्याला विकायचे झाल्यास खुशाल विकावे, माझा जीव भिंतीत अडकणार नाही. ओट्यापुढचा कडुनिंब तोडायची वेळ आली तर मात्र आदल्या संध्याकाळी त्याला हळद-कुंकू लावून सांगावे आणि पाखरांना एक रात्र द्यावी. माझे वडील असेच करीत. "झाडले सांगाबिगर कुऱ्हाड लावानी नही," म्हणत. गाडीला मी हळद-कुंकू का लावले ते यावरून समजावे.

कलम दुसरे. पोस्टातली शिल्लक कमलबाईची. तिने ती तिच्या मनाला येईल तशी खर्च करावी. आजवर माझ्या मनाला येईल तशी खर्च झाली.

कलम तिसरे. वडिलांचा वाकस, तिन्ही रंधे आणि पटाश्यांचा संच मुलगी कुंदाबाई, सासर भडगाव, हिला द्यावा. मुलीला हत्यारे कशाला, असे भाऊबंद विचारतील. लहानपणी फळीवर सुताची रेघ मारताना सुताचे दुसरे टोक तीच धरायची आणि तिचा हात कधी हलला नाही. तिला वाटले तर वापरावीत, नाहीतर दसऱ्याला पुजावीत. अमावस्येला हत्याराला हात लावू नये, हे तिला माहीत आहे.

कलम चौथे, गाडीबद्दल. वकीलसाहेब म्हणाले, "मिस्तरी, नंबर लिहा अन् नाव लिहा, बाकीचं मृत्युपत्रात लागत नाही." मला लागते, म्हणून लिहितो.

ही गाडी विलायती, दोन दारांची. कंपनीचे नाव मला नीट उच्चारता येत नाही. तिचे छत पुढच्या काचेपासून मागच्या चाकापर्यंत एकाच ओघात उतरत होते. कुठे कोपरा नव्हता. गिरणेच्या पात्रातला गोटा पाण्याने घडवावा तशी ती पाठ होती. मी पहिल्यांदा तिच्यावरून तळहात फिरवला तेव्हा मला देवळात वाटते तसे वाटले.

गाडी येथील एका जिनिंगवाल्या नानांची. ते एकदा सातपुड्याच्या पायथ्याने येत असताना डोंगरातल्या माणसांनी त्यांना अडवले. बांबूच्या झोळीत एक बाळंतीण होती. नाना लगेच उतरले, पण त्या गाडीत बाईला आडवे ठेवायला जागाच नव्हती. मागे नुसती दोन बोचक्यांची बैठक. बसवून पाहिले, तिला बसवेना. बाईने त्या देखण्या गाडीच्या सावलीतच प्राण सोडला. नानांनी गाडी आणून कापसाच्या शेडमध्ये लावली आणि पुन्हा तिच्यात बसले नाहीत. ते वारल्यावर त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई, ज्यांना सगळे अक्का म्हणत, यांनी मला बोलावले. किल्ली हातावर ठेवून म्हणाल्या, "मिस्तरी, हिच्यात माणूस आडवं निजेल असं करा. मग गाडी तुमची. पण उभी ठेवायची नाही." तसा कागद त्यांनी करून दिला, तो लाकडी पेटीत आहे.

तेव्हा माझ्याबरोबर हिलाल चैत्राम मिस्तरी हा भागीदार होता. लाकूड माझे, पत्रा त्याचा. खानदेशात त्याच्यासारखा पत्रा वळवणारा मी पाहिला नाही. त्याची समजूत अशी की आपण गाडी दुरुस्त करून जशीच्या तशी उभी करणार. त्या सकाळी तो आला आणि त्याला पाठीवर हळद-कुंकू दिसले. ते कशासाठी असते हे त्याला ठाऊक होते.

"जीवराम, तू सुतार शे का खाटीक?"

"हिलाल, गाडीत माणूस मावत नाही."

"दुनियामा अश्या गाड्या कितल्या शेतस? अन तू तिले करोत लावस!"

मी म्हणालो, "जी बाई रस्तामा मरी गई, तिले विचार."

हे मी बोलायला नको होते. एखाद्याचे तोंड बंद करायला मेलेल्या माणसाचा उपयोग करू नये. तो आपली लाकडी मोगरी आणि कात्री उचलून निघून गेला, पुढे धुळ्यात बिऱ्हाड केले आणि तेरा वर्षे आम्ही बोललो नाही. माझ्या आयुष्यात अढी एवढी एकच.

तो गेला आणि मी पाठीचा पत्रा कापला. पत्रा सुटला आणि आत लाकूड निघाले.

मी तोवर समजत होतो की विलायती गाडी म्हणजे नुसते लोखंड. आत पिवळसर, चिवट लाकडाचा सांगाडा होता, कमानीसारखा वळवलेला, खाचेत कुसू बसवून जोडलेला, खिळा एकही नाही. आणि आतल्या अंगाला, जिथे कोणाची नजर जायची नव्हती, तिथे शिसपेन्सिलीची खूण होती. एक उभी रेघ, तिला उजवीकडे तिरका काटा. उजव्या अंगाच्या फळीवर माझे वडील हीच खूण करीत. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता.

मी हॅकसॉ खाली ठेवून दारात जाऊन बसलो. कमलबाई बाहेर आली. "काय झालं? हात कापला का?"

"नाही. आत आपलाच माणूस निघाला."

ती आत जाऊन बघून आली आणि तिने देवापुढचा दिवा आणून गाडीच्या टपावर ठेवला. तेवढ्या उजेडात मला कळले की ज्याने ही खूण केली तो समोर असता तर त्याने आधी विचारले असते, माणूस किती लांब? मी उठून कामाला लागलो. त्याची एकही पट्टी फेकली नाही. त्याच्या कमानींना सागवानाच्या कमानी जोडल्या, बाजूंना सागाच्या फळ्या, मागे उघडणारे दार, आणि डोंगरवाटेसाठी मागच्या कमानपाट्यात दोन पाटे जास्त. त्याच्या खुणेशेजारी मी माझी खूण केली. ती पट्टी कोणीही कधी रंगवू नये.

चूक माझ्याकडून झालीच. मी सहा फुटांचे माप धरले, माणसाचे. पहिल्या फेरीला पायथ्याच्या पाड्यावर गेलो तर झोळीचा बांबू नऊ फूट.

"झोळी सोडा, बाईला आत घेऊ," मी म्हणालो.

बरोबरची म्हातारी अंगावर आली. वाटेत झोळी सोडायची ती फक्त मेलेल्या माणसाची, अशी त्यांची रीत. "रस्तामा झोळी सोडतस ती मरेलनी! सोडू नका रे!"

मग बाई झोळीसकट आत, बांबू तीन फूट बाहेर, आणि दार दोघांनी हातांनी धरलेले, असे आम्ही शिरपूर गाठले. वाटेतच, ओढ्याजवळ, मागून बाळाचे रडणे ऐकू आले. मी गाडी थांबवून खाली उतरलो आणि का कोण जाणे, चपला काढून उभा राहिलो. परतल्यावर मागच्या दाराला बांबू जाईल एवढे गोल भोक पाडले आणि त्याला सागाचे झाकण बसवले. दिवाळीआधी ही गाडी विकत घ्यायला मुंबईचे एक गृहस्थ आले, त्यांनी त्या भोकाकडे बोट दाखवून विचारले, "हे काय?" मी म्हणालो, "बांबूचं." त्यांना ते समजले नाही.

कलम पाचवे. त्या गृहस्थांचे म्हणणे, हिंदुस्थानात अशा गाड्या दोनच आल्या, दुसरी भंगारात गेली. कापलेली पाठ मिळाली तर ते ही गाडी पुन्हा पहिल्यासारखी करतील आणि सांगाल ती किंमत देतील. चुडामण धुळ्यात भाड्याच्या एका खोलीत दोन लेकरांसह राहतो. तो म्हणाला, "आबा, आता सरकारी गाडी येते ना? मग ही कोणासाठी ठेवायची?" सरकारी गाडी डांबरापर्यंत येते, पुढे ही जाते. पण त्याचा राग रास्त आहे, आणि म्हणूनच मी घर विकायची मोकळीक वर लिहिली आहे. त्याने मला वाईट म्हणू नये, आणि कोणी त्याला लोभी म्हणू नये.

गाडी मी अभिमन गजमल पावरा यास देतो. पहिली फेरी सोडली तर तेरा वर्षे ही गाडी तोच चालवत आहे आणि ज्या पाड्यांना ती जाते त्यातल्याच एकात त्याचे घर आहे. अट अक्कांचीच, उभी ठेवायची नाही. गाडीला अमावस्या नाही.

कलम सहावे, आणि शेवटचे. कापलेली पाठ माझ्याकडे होती. माळ्यावर, गोधडीत गुंडाळलेली. दर दिवाळीला मी तिला तेल लावत असे. झाडाची पहिली ढलपी सुतार देवापुढे ठेवतो, तशी ठेवली आहे, असे मी कमलबाईला सांगत आलो. ते खरे नव्हते. या दिवाळीला मी तेल लावले नाही. अभिमनकडून ती खाली उतरवून घेतली आणि एस.टी.च्या टपावर टाकून धुळ्याला नेली. कंडक्टरने विचारले, "बाबा, हे काय?"

"गाडीची पाठ."

"अन् गाडी?"

"पुढे गेली."

हिलाल अंगणात बसला होता. केस पांढरे झाले आहेत. त्याने गोधडी सोडली आणि पत्र्यावर हात ठेवला.

"आते काय, जोडाले लई उना?"

"नाही. गाडीचा तळ गंजला आहे. माणूस निजतो ती जागा."

तो बराच वेळ पत्रा चाचपत राहिला. "ह्यावर गंज नही. तेरा वरीस तेल लावस? म्हंजे तुले बी भरोसा नव्हता."

"नव्हता," मी म्हणालो. "पाठ माळ्यावर होती तोवर मला परत फिरता येत होतं. आता फिरायचं नाही. त्या सकाळी मी बोललो ते चुकीचं होतं, हिलाल. कापलं ते नाही."

त्याने आत जाऊन मोगरी आणली आणि माझ्या हातात दिली. "पहिला ठोका तू मार. पाप आर्धं-आर्धं."

मी मारला. मग त्याने मोगरी घेतली, आणि दोन दिवसांत ती पाठ परातीसारखी पसरट, कडा वळवलेली, माणसाच्या अंगाएवढी झाली. डोक्याकडे दीड फूट कमी पडला तिथे नवा पत्रा लावला. सांधा बोटाला लागत नाही. तो शिरपूरला येऊन स्वतः बसवून गेला. बसवताना त्याला आतली पेन्सिलीची खूण दिसली. त्याने टोपी काढली, खूण पाहिली, शेजारची माझी पाहिली, आणि टोपी घातली.

त्या पाठीवर आता माणूस आडवा निजतो. गाडी पहिल्यासारखी करणे यापुढे कोणाच्याही हाती नाही, माझ्याही नाही. मुंबईच्या गृहस्थांना तसे पोस्टकार्ड टाकले आहे.

हिलालला मी काहीही देत नाही. साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकीलसाहेब म्हणाले.

ठिकाण शिरपूर, दिनांक ६ नोव्हेंबर १९९५.

जीवराम वना सुतार (सही)

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष केली:

१. लोटन सुकदेव पाटील, शेजारी, नोकरी पोस्टमन (सही)

२. हिलाल चैत्राम मिस्तरी, पत्राकाम, धुळे (सही). मजकूर वाचला. बठ्ठा खरा शे. पहिला ठोका जीवरामचा, बाकीचे माझे.