अकरा किल्ल्यांचा चहा

आदरणीय भाऊसाहेब,

वाकून नमस्कार. (वाकणं सध्या कागदावरच जमतंय. उजवा गुडघा सुजला आहे, कारण पुढे येईलच.)

आधी खर्च सांगून मोकळा होतो. अर्धा किलो चहापुडीचा डबा, अकरा किल्ल्या. (मी सगळ्याची किंमत किल्ल्यांत धरतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. एक किल्ली घासून दिली की जे हातात पडतं, ते माझं नाणं.) पेट्रोल, अर्धी किल्ली. दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या स्कूटरचा आरसा, नऊ किल्ल्या. माझं दुकान अर्धा दिवस बंद, चौदा किल्ल्या. एकूण साडेचौतीस किल्ल्यांचा चहा, आणि तुमच्या बहिणीने त्याला अजून ओठ लावलेला नाही.

तुमची तब्येत बरी असेल. वहिनींचं पित्त, तुमच्या विमा कार्यालयातल्या साहेबांची कटकट आणि तुमची दाढदुखी, तिन्ही आटोक्यात असोत. दाढ मात्र काढून टाकाच. जी गोष्ट चार वर्षं हलतेय ती पुन्हा घट्ट बसत नाही, हे मी कुलपांच्या धंद्यातल्या अनुभवावरून सांगतो.

तुमची बहीण महिन्याभरासाठी आली आणि परतीचं तिकीट तुम्ही काढून दिलंत, ते योग्यच केलंत. मीही भाऊ असतो तर तेच केलं असतं. चार वर्षं मी इथे एकटा. आलो तेव्हा फुटपाथवर खोक्यावर बसून किल्ल्या घासत होतो, आता शटरचं दुकान आहे, दुकानावर पाटी आहे, पाटीवर दिवा आहे. एवढं झाल्यावर बायकोने यावं आणि राहावं, ही इच्छा अवास्तव नाही. पण विमानतळावरून येतानाच तिने बजावलं होतं, "मी बघायला आलेय. राहायला आलेय असं कुणाला सांगू नका." म्हणजे माझ्याजवळ दिवस तीस, आणि समोर असं कुलूप, की ज्याची किल्ली मी आजवर घासलेली नाही.

ती निघताना तुम्ही फोनवर म्हणाला होतात, ती तिथे गुदमरेल. मला ते तेव्हा झोंबलं. पण पहिले आठ दिवस माझे कान मला तेच सांगत होते. माझ्या कानांबद्दल तुम्ही थट्टा करता, पण बंद कुलपात कुठली पिन अडकलीय ते मी कान लावून ओळखतो. रोज सकाळी मी हौसेने चहा करून द्यायचो आणि स्वयंपाकघरातून ऐकत बसायचो. चमचा फिरायचा, फिरायचा, थांबायचा, परत फिरायचा. घोट घेतल्याचा आवाज काही यायचा नाही. शेवटी मोरीत काहीतरी ओतल्याचा आवाज. मग ती खिडकीशी उभी राहून खालच्या रस्त्यावरचे टेम्पो मोजायची. मी निदान केलं, इथली चहापूड तिला चालत नाही. घरची, लाल डब्यातली, आणायला हवी. (निदान इतकं सोपं असतं तर डॉक्टर लोक इतकी वर्षं शिकले असते का, हा विचार तेव्हा सुचला नाही.)

आता लाल डबा मिळतो तो एकाच ठिकाणी, बाहेरून आलेल्या लोकांच्या दुकानात. या दुकानाचं वर्णन केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जगातल्या ज्या ज्या माणसाला घर सोडावं लागलं, त्याच्या घरातल्या फडताळातली एक तरी वस्तू तिथे चौपट भावाने ठेवलेली असते. पियानो शिकवणारे एक गृहस्थ चीजचा तुकडा बाळंतपणाच्या वॉर्डातून आणावा तसा दोन्ही हातांवर घेऊन फिरतात. बंदरावरचा एक सहा फुटी क्रेनवाला मोहरीच्या चटणीची बाटली उघडून नुसता वास घेतो, डोळे पुसतो आणि बाटली परत ठेवतो. (दुकानाच्या शेठाणी काही बोलत नाहीत. ती बाटली त्याच्यासाठीच वेगळी ठेवलीय.) आणि सगळ्यांची एक रीत ठरलेली: पैसे दिले की गल्ल्याशेजारच्या कोपऱ्यात जायचं आणि नखाने किंमतीची चिठ्ठी खरवडून काढायची, म्हणजे घरच्यांना कळत नाही. त्या कोपऱ्यातल्या भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचा बोटभर जाड थर आहे.

नवा माल शनिवारी सकाळी अकराला लागतो. म्हणून अख्खी परदेशी जमात शनिवारी अकरालाच येते, आणि येते मोटारसायकलवर, कारण चौपट भावाची चहापूड पिणाऱ्याला चारचाकी परवडत नाही. दुकानासमोर जागा पंचवीस गाड्यांची, गाड्या साठ. त्या लावून घ्यायला एक म्हातारे गृहस्थ आहेत. गळ्यात शिट्टी असते आणि ती सतत वाजत असते, म्हणून सगळे त्यांना शिट्टीकाकाच म्हणतात. त्यांची पद्धत अशी, की येईल ती गाडी आधीच्या गाडीला खेटून घुसवायची आणि कुणी निघालं की मधल्या अकरा गाड्या उचलून बाजूला करायच्या. त्यासाठी एकच नियम: हँडल लॉक करायचं नाही, गाडी हलती ठेवायची.

भाऊसाहेब, मी कुलूपवाला. माझ्या गाडीला कुलूप लावू नका, हे मला सांगणं म्हणजे हलवायाला सांगणं की दुकानात साखर आणू नका. मी मान डोलावली, आणि काकांची पाठ वळताच हँडल लॉक केलं, चाकाला कुलूप लावलं आणि वर माझ्या स्वतःच्या बनावटीची साखळी गुंडाळली. तुमची बहीण बघत होती. म्हणाली, "अहो, काका नको म्हणाले ना?" मी म्हटलं, "त्यांना काय कळतंय. तू इथेच थांब." (ती आत आली असती तर किंमत दिसली असती.)

आत मी लाल डबा घेतला, चिठ्ठी खरवडली, आणि विजयी मुद्रेने बाहेर येतो तर शिट्ट्यांचा कल्लोळ. झालं होतं असं, की घाईत माझी साखळी माझ्या चाकातून निघून शेजारच्या स्कूटरच्या चाकातूनही गेली होती. स्कूटर दाताच्या डॉक्टरीणबाईंची. बाईंच्या दवाखान्यात एक पेशंट अर्धी दाढ काढलेल्या अवस्थेत तोंड उघडून बसलेला. (बधिर करायचं औषध संपलं होतं म्हणून नव्हे. त्या मधल्या वेळात कॉफी घ्यायला आल्या होत्या. तुम्ही तुमचा दाताचा डॉक्टर नीट पारखून घ्या.) त्यांच्यामागे चाळीस गाड्या अडकलेल्या, आणि रस्त्यावरून आणखी येतच होत्या.

"ही कुणाची?" शिट्टीकाका ओरडले.

"आमचीच," तुमच्या बहिणीने लगेच सांगून टाकलं. खोटं बोलण्याची सवय तुमच्या घराण्यात कुणालाच कशी लागली नाही हो?

मी म्हटलं, घाबरू नका, उघडतो. गाडीची किल्ली सुटी होती, साखळीसाठी (ती दाबली की आपोआप बंद होते) खिशातून जुडगा काढला. आणि तेव्हा लक्षात आलं, की सकाळी निघताना मी माझ्या किल्ल्यांचा जुडगा न उचलता दुकानातला नमुन्यांचा जुडगा उचललाय. एकशे चाळीस किल्ल्या. त्यांत माझ्या साखळीची एक नमुना किल्ली असणार, कारण मीच ती ओवली होती. पण कुठली? मी गाड्यांच्या खालून सरपटत साखळीपाशी पोचलो (गुडघा इथेच गेला), आणि एकेक किल्ली लावायला सुरुवात केली.

"हा तो पाटीवर दिवा असलेला कुलूपवाला ना?" क्रेनवाल्याचा आवाज.

"तोच. माझ्या दवाखान्याचं कुलूप यानेच बसवलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सोमवारी बदलून घेते."

एकविसाव्या किल्लीला मला वरून एक वेगळाच आवाज ऐकू आला. चार वर्षांत न ऐकलेला. तुमच्या बहिणीचा कामावरचा आवाज! तुम्हाला माहीतच आहे, तिकडे शीतगृहात अठरा ट्रक तिच्या एका हाकेवर मागेपुढे होतात. इथली भाषा तिला नऊ दिवसांत येऊन येऊन किती येणार? आकडे, 'आत', 'बाहेर' आणि 'नको'. तेवढ्यावर तिने काम भागवलं. येणाऱ्या प्रत्येकाला बोटांनी विचारायची, किती मिनिटं? पाच मिनिटंवाला रस्त्याच्या कडेला. तासवाला भिंतीशी. बिस्किटांच्या रिकाम्या खोक्यांचे तुकडे फाडून त्यावर मिनिटं लिहून आरशात खोचायची. शिट्टीकाका आधी फुरंगटले, "बाई, बारा वर्षं मी हे करतोय." ही म्हणाली, "नको." मग त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आत," आणि त्यांना भिंतीकडच्या रांगेवर नेमलं. पाच मिनिटांनी काका तिच्या इशाऱ्याची वाट बघून शिट्टी फुंकत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या शिट्टीवर गाड्या हलत होत्या. म्हातारा असा खुलला की काय सांगू.

एकशे सतराव्या किल्लीला साखळी उघडली. स्कूटर ओढताना आरसा गेला, तो माझ्या खात्यात. मी धुळीतून उठून बघतो तर गाड्या रांगेत, रस्ता मोकळा, आणि तुमची बहीण शेठाणींबरोबर दुकानाच्या मागच्या गोदामात. शेठाणी काय झालं ते विचारायला आल्या होत्या, आणि हिने उघड्या दारातून आतला माल बघितला होता. नवे डबे पुढे रचायचे, म्हणून जुने मागे पडून वाया जातात, हे ती त्यांना खुणा करून समजावत होती. शेठाणींनी कपाळाला हात लावला. मग मला दुभाषा म्हणून बोलावलं आणि विचारलं, "या सोमवारपासून येतील का?"

मी भाषांतर करायच्या आधीच तुमच्या बहिणीला प्रश्न कळला होता. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पगार विचारा. आणि अहो, हा त्यांचा माल आठवड्यातून एकदाच का येतो, तेही विचारा."

भाऊसाहेब, त्या दिवशी घरी आल्यावर मी परत कान लावून बसलो. खिडकीशी ती टेम्पो मोजत नव्हती. कागदावर गोदामाचा नकाशा काढत तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की चार वर्षं मी तिला फोनवर घर, भांडी, पडदे यांचंच सांगत होतो. इथे तुला काम काय मिळेल, हे मी एकदाही सांगितलं नाही, कारण एकदाही विचार केला नव्हता. तुम्ही म्हणालात गुदमरेल, ते बरोबर होतं. फक्त चहामुळे नव्हे.

आज तिला कामाला लागून पाच दिवस झाले. परवान्याच्या कागदांचं शेठाणी बघतायत. तशी ही नोकरी माझ्यामुळेच मिळाली म्हणायची. मी साखळी लावली नसती तर तिला कोण विचारणार होतं? शिवाय आता या शहरात शनिवारी अकरा वाजता गाडी लावायला हक्काची जागा असलेला परदेशी मी एकटाच. क्रेनवाला आत्तापासून मला सलाम करतो.

आईंना माझा नमस्कार सांगा.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. तुम्ही काढलेलं परतीचं तिकीट निघायच्या तारखेच्या आठ दिवस आधी रद्द केलं तर निम्मे पैसे परत मिळतात. आणि ती राहतेय हे आईंना तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून त्यांना कुठलीच बातमी चांगली वाटत नाही. जमल्यास शीतगृहाकडून तिच्या अनुभवाचा दाखला घेऊन पाठवा.

ता. क. २. चहाबद्दल तिला काल विचारलं. तिने चहा दोन वर्षांपूर्वीच सोडलाय आणि तुम्हाला सगळ्यांना ते ठाऊक होतं म्हणे. मला का सांगितलं नाहीस, तर म्हणाली, "तुम्ही इतक्या हौसेने करत होतात." लाल डबा आता मीच संपवतोय.

ता. क. ३. पत्र टाकायला उशीर झाला, आज शनिवार उजाडला. सकाळी तिला दुकानात सोडून मी गाडी लावायला गेलो. तिने बाहेर येऊन, आरशात खोचायचा पुठ्ठा हातात घेऊन विचारलं, "किती मिनिटं?" मी ऐटीत म्हटलं, "तुझं काम संपेपर्यंत." तिने भिंतीकडे बघितलं, रांगेकडे बघितलं, आणि म्हणाली, "नको." मी गाडी घरी नेऊन ठेवली आणि लंगडत बसने आलो.