‘कर्व्ह’चा आमच्याकडचा अर्थ

१० मार्च २००३, सोमवार

आज वर्गात हसून हसून पोट दुखलं! इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर एकच शब्द लिहिला — कर्व्ह. रस्त्याचं वळण म्हणजे कर्व्ह, आलेखावरची वाकडी रेघ कर्व्ह, फेकलेला चेंडू हवेत वळतो तोही कर्व्ह. मग पेत्रोनेलाला वाचायला उठवलं. तिने अक्षरं आपल्या रुमानियन पद्धतीने, जशीच्या तशी वाचली — कुर्वे!

म्हणजे आमच्या भाषेत ‘बाजारबसव्या’! भर वर्गात!

मी लगेच म्हटलं, “बाई, तिला नका रागावू. तिच्या घरातलाच शब्द आहे.” तिची आई दोन वर्षं इटलीत आहे, कुणा म्हाताऱ्याला सांभाळायला. बाई ओरडल्या, “इलिंका! खाली बस!” पण फळ्याकडे तोंड करून हसत होत्या. मी पाहिलं.

११ मार्च

तिच्या बाकावर खडूने — कुर्वे. मी नाही लिहिलं. सुचलं मात्र मलाच आधी होतं.

१४ मार्च

गृहपाठ — ‘कर्व्ह’ची पाच वाक्यं. मी मोठ्याने वाचलं, ‘इटलीला जाणाऱ्या आयांच्या रस्त्यात एक वळण असतं.’ टाळ्या! बाई म्हणाल्या, “व्याकरण बरोबर आहे.”

पेत्रोनेला रडत नाही. त्याचाच राग येतो. मधल्या सुट्टीत उलट माझ्यापुढे सूर्यफुलाच्या बिया धरल्या — “घे ना गं.” रडली असती तर सोडलं असतं तिला. बहुतेक.

१९ मार्च

बाबा उद्या व्हॅन घेऊन इटलीत तोरिनोला निघणार. महिन्यातून एकदा जातात, अर्ध्या गावाची पत्रं आणि पुडकी आमच्या स्वयंपाकघरात जमतात. पेत्रोनेलाही पाकीट देऊन गेली. “नीट ठेवशील ना? आईला ईस्टरला ये म्हणून लिहिलंय.”

पाकीट नुसतं दुमडलेलं होतं. तिचं अक्षर काढणं काय कठीण — पहिलीतल्या पोरासारखं गोल गोल. खाली दोन ओळी घातल्या. ‘इथे सगळे म्हणतात, इटलीतल्या आया कुर्वे. मलाही तसंच वाटतं. येऊ नकोस.’

गंमत म्हणून. मग चिकटवून बाबांकडे दिलं.

२५ मार्च

बाबा आले. पेत्रोनेला दारात हजर. “काका, आईने काय दिलंय?”

“काही नाही गं. पत्र वाचलं तिने, तिथंच गाडीपाशी उभं राहून. मग हातातलं पुडकं घेऊन तशीच माघारी गेली. काय लिहिलं होतंस एवढं?”

“ये म्हणून लिहिलं होतं.”

मी बटाटे सोलत होते. मान वर केली नाही.

७ एप्रिल

तिच्या आईचा दर रविवारी फोन यायचा. दोन रविवार गेले, फोन नाही. आज मला विचारते, “मी काय केलं गं?” — मलाच! मी म्हटलं, “तिकडे दुसरं बिऱ्हाड थाटलं असेल.”

रडली. शेवटी एकदाची रडली. वाटलं होतं मजा येईल.

१६ एप्रिल

तिने पुन्हा पाकीट दिलं. या वेळी घट्ट चिकटवलेलं. किटलीच्या वाफेवर उघडलं.

‘आई, माझं काय चुकलं ते तरी कळव. मी नुसतं ये म्हटलं होतं. ईस्टरला नाही जमलं तरी चालेल. फोन कर.’

हे तिच्या आईने वाचलं, तर तिला कळणार की त्या ओळी हिच्या नाहीत. मग पाकीट कुणाच्या घरात होतं ते विचारणार. बाबा माझी चामडी लोळवतील.

१७ एप्रिल

चुलीत टाकलं. बाबांना सांगितलं, “या खेपेला तिचं काही नाही.”

२२ एप्रिल

बाबा परतले. म्हणाले, पेत्रोनेलाची आई तिथे व्हॅनपाशी उभी होती. ईस्टरसाठी गावी यायला, बॅग भरून. बॅग आत ठेवायच्या आधी एवढंच विचारलं, “माझ्या पोरीचं पत्र आहे का हो?”

बाबा म्हणाले, नाही.

ती बॅग घेऊन परत गेली.