बुटाच्या पॉलिशचा काळा बॉल

२९ एप्रिल

आज दुकानाला सुट्टी. सकाळी हात धुतले. दूध तापवलं. हात पुन्हा धुतले. चहा घेतला. मग रॉकेल लावून हात धुतले. रंग गेला नाही. शेवटी वन्संच्या पत्राला उत्तर लिहायला बसले.

ती. वन्सं,

वाकून नमस्कार. (इथून वाकले ते तुम्हाला दिसणार नाही, पण कंबर दुखते आहे, तेव्हा वाकले हे नक्की.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना आवाज येतो म्हणाला होतात, तो थांबला का? मी बरी आहे. जेवते, दुकानात जाते, झोपही लागते. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पुढच्या खोलीतलं स्नूकरचं टेबल क्लबला देऊन टाकणार का, आणि घर बंद करून कायमची तुमच्याकडे येणार का. क्लबवाल्यांनाही आजच कळवायचं आहे. दोन्हींचं उत्तर देते, पण आधी काल काय झालं ते सांगू द्या. नाहीतर ते तुम्हाला वरच्या मजल्यावरच्या मावशींकडून कळेल, आणि मावशींकडून कळलं की राईचा पर्वत होऊनच कळतं.

काल अठ्ठावीस एप्रिल. तुमच्या भावाला स्वतःचा वाढदिवस आठवत नसे, माझा तर नाहीच नाही, पण ही तारीख पक्की. १९८५ साली याच दिवशी सुरू असलेली विश्वविजेतेपदाची फायनल मध्यरात्र उलटल्यावर संपली होती. तुम्ही भावाच्या तोंडून ती ऐकली असेलच (त्यातून दूधवालाही सुटला नव्हता), तरी थोडक्यात सांगते. अठरा फ्रेम, म्हणजे डाव, आधी जिंकेल तो विजेता. एकीकडे बर्फासारखा थंड विश्वविजेता, त्याने सुरुवातीलाच आठ-शून्य केलं. दुसरीकडे भल्यामोठ्या काचांचा चष्मेवाला. तो चष्मा उलटा घातल्यासारखा दिसायचा. तो रडतखडत सतरा-सतरावर आला, आणि सगळं अडलं शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या बॉलवर. मग दोघेही त्या एका बॉलवर असे चुकले, की मी म्हटलं असतं, द्या सोडून आणि जेवायला चला. शेवटी विश्वविजेता चुकला आणि चष्मेवाल्याने बॉल पॉकेटात घातला. हे दर वेळी बोट वर करून म्हणायचे, "अख्ख्या सामन्यात तो एकदाही पुढे नव्हता. संपला तेव्हाच पुढे होता!" ह्यांना बाकीचे सामनेही पाठ होते. कुणी पाच मिनिटांत एकशे सत्तेचाळीस गुण केले, ते ह्यांनी मला वरणाला फोडणी देताना सांगितलं आणि फोडणी जळली. कुणी सहा वेळा फायनलला जाऊन सहाही वेळा हरला, त्याच्यासाठी हे घरातलं माणूस गेल्यासारखे गप्प बसायचे. पण पंच्याऐंशी ते पंच्याऐंशी.

आमचं लग्नही त्याच चष्म्यामुळे झालं, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरी "स्थळ सांगून आलं" असं सांगितलं होतं ना, ते खोटं. हे टेबलांना कापड बसवण्याची कामं करत. एकदा आमच्या चष्म्याच्या दुकानात आले आणि म्हणाले, क्यूच्या काठीवर वाकलं की साध्या चष्म्यातून फ्रेमचा काठच दिसतो, मला त्या फायनलवाल्यासारखा चष्मा हवा. मालकांनी हात जोडले. मी एक फ्रेम उलटी करून काड्या वरच्या खाली लावून दिल्या. तेव्हापासून हे दर आठवड्याला स्क्रू ढिला झाला म्हणून यायचे. (स्क्रू ढिला नव्हता. मी तरी दर वेळी आवळत होते.)

तर दर वर्षी या तारखेला दुपारी आमच्याकडे तो शेवटचा काळा बॉल खेळला जायचा. हे चष्मेवाला, कोपऱ्यावरचे बेकरीवाले विश्वविजेता, मी पांढरे हातमोजे घालून रेफरी, आणि दाताचे डॉक्टर प्रेक्षक. मावशी कायम विश्वविजेत्याच्या बाजूने, कारण तो दिसायला नीटनेटका होता म्हणे. यंदा मी काही करणार नव्हते. पण दुपारी बेल वाजली, तर दारात तिघंही उभे. बेकरीवाल्यांनी काळा कोट घातला होता. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, या वर्षी ह्यांच्या जागी मी खेळतो. नाही म्हणू नका, मी दवाखाना बंद करून आलोय. एक पेशंट तसाच जबडा धरून घरी गेला." मी दारातून बाजूला झाले.

टेबलावरची चादर काढली तर काळा बॉल नाही. कपाटात नाही, टेबलाखाली नाही, पॉकेटांच्या जाळ्यांत नाही. मी उगाच चादरीच्या घड्या घालत राहिले. बेकरीवाल्यांनीच तोड काढली. एक लाल बॉल घेतला आणि त्याला बुटाचं काळं पॉलिश चोपडलं. वाळायला वेळ द्यावा, इतकी अक्कल चौघांपैकी एकालाही नव्हती. पहिल्या फटक्यात कापडावर काळी रेघ, दुसऱ्यात पांढरा बॉल ठिपक्याठिपक्यांचा, आणि मी यंदा हातमोज्यांशिवायच बॉल उचलून जागेवर ठेवता ठेवता नाक पुसलं, तर मावशी मला बघून "अगंबाई" म्हणून उठल्याच.

खरा घोटाळा पुढे. खेळाच्या नियमानुसार (म्हणजे इतिहासानुसार) बेकरीवाल्यांनी तो बॉल चुकवायचा. हा माणूस जन्मभर चुकलेला आहे. क्लबात त्यांच्या नेमावर विनोद चालतात. आणि काल त्यांनी चुकवायला म्हणून मारला, तर सरळ पॉकेटात! मी तो काढून पुन्हा ठेवला. पुन्हा पॉकेटात. मावशी टाळ्या पिटायला लागल्या. डॉक्टर ओरडले, "अहो, चुका ना! एरवी चुकता तसं चुका!" बेकरीवाले रडकुंडीला आले. "चुकवायचा कसा तेच येत नाही हो मला, तो एरवी आपला आपण चुकतो." पुन्हा मारला. टेबलाच्या काठाला लागून, दुसऱ्या पॉकेटाला हुलकावणी देऊन, तिसऱ्यात. असा फटका तर टीव्हीवरही कुणी मारला नसेल. त्यांच्या चेहऱ्यावर पॉलिश आणि अभिमान एकदमच पसरला. पाणी पिऊन ते हळूच म्हणाले, "वहिनी, विश्वविजेताच जिंकला असं एखाद्या वर्षी चालणार नाही का?"

नाही चालणार. मी फारसं बोलत नाही हे तुम्ही जाणता, पण काल बोलले. म्हटलं, आता घालायचाच म्हणून मारा, अगदी मन लावून. त्यांनी कोट काढला, डोळा बारीक केला, श्वास रोखला, आणि असा चुकवला की पंच्याऐंशीचा विश्वविजेता लाजला असता.

डॉक्टर उठले. बॉल पॉकेटाच्या तोंडाशी. त्यांनी ह्यांचा तो उलटा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वाकून तसेच राहिले. ह्यांचा नंबर त्यांच्या डोळ्यांना कसा चालेल? चष्म्याच्या दुकानातली बाई मी, आणि माझ्याच लक्षात आलं नाही. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, मला दोन दिसतायत. एक तुम्ही घ्या." आणि क्यू माझ्या हातात दिला.

वन्सं, मी कधी खेळले नव्हते. इतकी वर्षं बॉल फक्त जागेवर ठेवले. वाकले, मारला, गेला. मग चष्मेवाल्याने क्यू दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता तसा मीही धरला, आणि वरच्या दिव्याची काच खळ्ळकन खाली. मावशी किंचाळल्या, बेकरीवाले टेबलाखाली, डॉक्टर तो चष्मा घालून बाहेरचा दरवाजा शोधत कपाटात. आणि मी हसले. पोट धरून, जमिनीवर बसून हसले. हे गेल्यापासून पहिल्यांदा.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला शेक घेत जा.

तुमची,
भावजय

ता. क. – टेबल देत नाही, क्लबला तसं कळवते. आणि मी कायमची येत नाही. चार दिवस राहायला येईन, रागावू नका.

ता. क. – काळा बॉल तुमच्या पर्समध्ये आहे. ह्यांचं तेरावं झाल्यावर निघताना तुम्ही तो पदराने पुसून आत ठेवलात, मी दारातून पाहिलं. तेव्हा बोलले नाही, तुमचाही भाऊ होता. पण तो परत हवा.

ता. क. – पार्सलने पाठवू नका. पुढच्या अठ्ठावीस एप्रिलला स्वतः घेऊन या. तोवर तुमच्याकडेच राहू द्या, मला लाल बॉलला पॉलिश लावून सराव करायचा आहे.

काचा वेचून झाल्या. आता कापडावरून ब्रश फिरवते, लव ज्या बाजूला झुकते त्याच बाजूला, हे फिरवायचे तसा, आणि मग चादर घालते.