पेशीचे दार

श्री. रघुनाथ यांस,
सप्रेम नमस्कार.

मी अनिल हरिश्चंद्र डोर्लेकर, वाणिज्य पदवीधर, मिरकरवाड्यातील एका बर्फ कारखान्याचा हिशेबनीस आणि आपल्या भगिनी सौ. गुणवंती हिचा पती. आपल्या रक्ताची तपासणी व्हावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. नाटे गावी सर्व कुशल असेल, अशी आशा आहे.

गुणवंतीला रक्ताचा कर्करोग आहे. मला जीवशास्त्र येत नाही. आमची ऋतिका बारावीला विज्ञान शिकते, तिने समजावले ते लिहितो. निरोगी पेशी दुभंगण्यापूर्वी आपल्या गुणसूत्रांची प्रत काढते, ताळा पाहते आणि चूक आढळल्यास थांबते. गुणवंतीच्या काही पेशी थांबत नाहीत. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, आणि प्रत्येकीत तीच चूक. सख्ख्या भावाच्या मूळपेशी पूर्ण जुळू शकतात. ऋतिकाच्या निम्म्याच जुळतात.

आपली अडचण मला ठाऊक आहे. देवीला कौल लावण्याआधीच गुणवंतीने आपल्या मातोश्रींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, रुग्णालयात नेले आणि त्या तेथेच गेल्या, म्हणून तिच्या घराची पायरी न चढण्याची शपथ आपण देवीसमोर घेतलीत. ती मोडा, असे मी म्हणणार नाही. मात्र रुग्णालय त्या शपथेत येत नाही. गुरवांना मी तसे विचारून घेतले आहे.

येथवर लिहून मी थांबलो होतो. औषधाविषयी लिहिणे टाळत होतो.

प्रत्येक पेशीभोवती पातळ पटल असते. हवे ते आत घेणे, नको ते बाहेर टाकणे, हे त्याचे काम. या रोगट पेशींनी पटलातले पंप इतके वाढवले आहेत की आत शिरलेले औषध त्या बाहेर फेकतात. ऋतिका हे सांगत असता गुणवंती हसली.

"म्हणजे माझ्या म्हायेरासारख्याच झाल्या गो! दारातनंच परत लावतायत."

"आई, गप बस गो."

"गप कशाला? रघ्याला कळव, तुझा गुण माझ्या रक्तात उतरला म्हणून."

रोग दबल्याखेरीज मूळपेशी देता येत नाहीत, आणि तो दबला नाही. डॉक्टरांनी मंगळवारी तिला घरी पाठवले. त्यामुळे वर केलेली तपासणीची विनंती निरर्थक आहे. कागद बदलत नाही. नव्या कागदावरही मी तेच टाळीन.

रुग्णालय सुटले, म्हणजे आपल्या येण्याची वाटही बंद झाली, हे गुणवंतीच्या माझ्याआधी लक्षात आले. काल तिने खाट ओटीवरून खाली अंगणात, खळ्यातल्या मांडवाखाली घालायला लावली. वारा लागेल म्हणून मी हरकत घेतली.

"लागूंदे वारा," ती म्हणाली. "त्याला पायरी चढायला नको. खळ्याची शपथ नाय घेतलेली त्याने."

तिला आता मान वळवता येत नाही. म्हणून खाटेचे तोंड आम्ही बेड्याकडे, आत येण्याच्या वाटेकडे केले आहे.

या पत्रास उत्तर पाठवू नये. तेवढा अवधी नाही.

आपल्या बहिणीचा पती,
अनिल हरिश्चंद्र डोर्लेकर
रत्नागिरी
१८ जानेवारी २०२५