पाव किलो चांदी

वडपे, भिवंडी
२ मार्च २००५

सौ. विनितास,

मी ठीक आहे. इथे गोदामात लागलो. मुकादम तपकीर ओढतो नि आमच्यावरच शिंकतो, ते जाऊ दे.

गावाकडून आलेल्या एकाने सांगितलं, पंधरा दिवसांत तनयाचं वजन वाढलं नाही म्हणून आई तुला बोलते, "तुझं दूध म्हणजे नुसतं पाणी, तोड आता." चार महिन्यांचीच आहे गं ती. तोडू नको.

मागल्या वेळी अंगणवाडीत तिला कमरेच्या साखळी नि वाळ्यांसकट तोललं होतं. उजळून आणतो म्हणून ते मी नेलं आणि विकलं. सोनाराच्या काट्यावर पाव किलो चांदी भरली. या वेळी ती अंगावर नव्हती, म्हणजे तेवढी पोरगी वाढलीय.

हे आईला वाचून दाखव. माझ्या वाटच्या शिव्या तू कशाला खातेस?

पोरगी अजून तुझी वेणी धरूनच झोपते का?

तोंड लपवून,
भाविक