ताई, तुम्ही निळी रेषा

शनिवार, ९ मार्च. सकाळी पाणी भरलं. भात लावला, तो नेहमीसारखा दोघांचा झाला. दुपारी शाळेत जाऊन सरकारी नकाशा पुन्हा पाहिला. संध्याकाळी कुणी आलं नाही.

ताई, नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? (थोडक्यात कळवा. मागच्या पत्राची चारही पानं गुडघ्याचीच होती.) मी बरा आहे. पत्राला कारण असं, की सरकारदरबारी तुमची नोंद झाली आहे आणि ती माझ्या हातून झाली.

आमच्या नदीच्या पुराचं सरकारने यंदा फारच मनावर घेतलं आहे. काठाने भिंत येणार, भोंगा बसणार, आणि त्याआधी नकाशावर दोन रेषा. निळ्या रेषेपर्यंत पाणी बऱ्याचदा येतं, तिच्या आत कुणी काही बांधायचं नाही. लाल रेषेपर्यंत मोठ्या पुरातच येतं, पण तिच्या आत बांधायचं तर परवानगी मिळेपर्यंत माणूस म्हातारा होतो. या रेषांसाठी इंजिनियरसाहेब जुन्या पुराच्या खुणा शोधत घरोघर फिरत होते. आमच्याकडे आले तेव्हा चहा उकळत होता (तोही दोघांचा, म्हणून त्यांना मिळाला). स्वयंपाकघराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीच्या दोन रेघा त्यांनी पाहिल्या. सात वर्षांपूर्वी तुम्ही दोघी बहिणी उंच कोण यावरून भांडलात, चौकटीला पाठ लावून उभ्या राहिलात, आणि मी ओढल्या त्याच त्या रेघा. खालची तुमची, वरची तुमच्या धाकटीची. नावं लिहिली नव्हती. घरातल्या घरात कुणाला सांगायचं होतं?

साहेबांनी वरच्या रेघेवर बोट ठेवलं. "ती इथपर्यंत होती?" त्यांच्या मनात नदी होती. तुमची धाकटी जाऊन सव्वा वर्ष झालं, माझ्या मनात नदी कुठून येणार? मी म्हटलं, "हो, बरोबर इथपर्यंत." "आवाज फार होता?" "मागच्या गल्लीत ऐकू जायचा." त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, "परत येईल असं वाटतं?" मी नाही म्हटलं. टेप गुंडाळत ते म्हणाले, "काका, सगळे असंच म्हणतात. पण सरकारला ती येणार असंच धरून चालावं लागतं."

ताई, सव्वा वर्षात माझ्याशी इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. मी त्यांना माझाही चहा दिला.

महिन्याने शाळेच्या भिंतीवर नकाशा लागला तेव्हा उलगडा झाला. तुम्ही निळी रेषा आहात, ती लाल. शेजारचा शिंपी सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, तुमच्या स्वयंपाकघरात पाच फूट पाणी आणि भिंतीपलीकडे माझं मशीन कोरडं? नदी काय तुमच्याकडे चहाला आली होती?" त्याचं बरोबर आहे. मोठ्यात मोठ्या पुरातही पाणी आमच्या दुसऱ्या पायरीवरून मागे फिरलं होतं. त्याला सुनेसाठी मागे एक खोली काढायची होती, ती आता अडकली. तुमची धाकटी आजारी होती तेव्हा याच शिंप्याच्या बायकोने तीन महिने आमचा डबा केला. गप्प बसणं शोभत नाही.

म्हणून साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते खूप हसले, मग माझ्याकडे पाहून थांबले. म्हणाले, एकवीस तारखेला सुनावणी आहे, ज्यांच्या रेघा आहेत त्यांना चौकटीपाशी उभं करा. मी म्हटलं, दोघींपैकी एकच येऊ शकेल. चालेल म्हणाले.

तेव्हा गुडघा सांभाळून या. चपला काढून उभं राहावं लागेल.

तुमच्या धाकटीचा नवरा

ता. क. तिने टाचा उचलल्या होत्या असं तुम्ही सात वर्षं म्हणत आलात. उचलल्या होत्या. मला दिसत होतं. त्या दोन बोटांपायी नकाशात बरीच जास्तीची जमीन बुडाली आहे.

आणखी एक. खरं तर शिंप्याची साक्षही पुरली असती, साहेबांनी तसं सांगितलं होतं. पण चुकीच्या खुणा पुसाव्यात असा नियम आहे. शेजारी नाव लिहिलं तर पुसायची गरज नाही म्हणाले. आज मी दोनदा लिहायला उभा राहिलो आणि दोनदा परत येऊन बसलो. तुमचं अक्षर हुबेहूब तिच्यासारखं आहे. बोलावतो आहे ते त्यासाठी.

पेन्सिलीला टोक करून चौकटीच्या वर ठेवली आहे. आता उरलेला भात झाकून ठेवतो.